लोकशिक्षक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. आजवर ही चरित्रे बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची होती व ते योग्यही होते. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या कष्टांची जाण नसते त्याच्या पुढील पिढ्या पोरक्या होतात. यंदा संपादक मंडळाने हे काम मजसारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकावर सोपविले, तेव्हा थोडी निराळी वाट धरावी असे मनात आले. ज्यांचा जन्म आपल्या ज्ञातीत झाला नाही, पण ज्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतील खेड्याखेड्याला काही ना काही शिकविले, अशा महापुरुषाचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे. ते म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

याला एक प्रसंगोचित कारणही आहे. आपले मंडळ लवकरच वाचनालय व अभ्यासिका सुरू करणार आहे. तिच्यात कोणती पुस्तके असावीत, तेथे काय शिकवावे आणि तिचे दार कोणासाठी उघडे असावे, हे प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहेत. ग्रंथ, शिक्षण आणि गाव यांचा परस्परसंबंध कसा असावा याचा जितका विचार तुकडोजी महाराजांनी केला तितका आपल्या विदर्भात क्वचितच कोणी केला असेल. म्हणून सभेपूर्वी त्यांच्या जीवनाचे स्मरण करणे उपयुक्त होईल.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म एप्रिल १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे आणि आई मंजुळाबाई. घरात दारिद्र्य होते. शिवणकाम करून आणि मिळेल तो उद्योग करून कुटुंब कसेबसे गुजराण करी. अशा घरातील मुलाचे शिक्षण ते किती होणार! प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे माणिकची मजल गेली नाही. पाटीपेक्षा त्याचा जीव भजनात, देवळात आणि एकांतात अधिक रमे.

पुढे वरखेड येथील सत्पुरुष अडकोजी महाराज यांचा सहवास त्याला लाभला. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले व तेच पुढे जगाला परिचित झाले. शाळेने जे दिले नाही ते या गुरुगृही मिळाले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळा अर्धवट सुटली याचा महाराजांनी पुढे कधी अभिमानही मिरविला नाही आणि खंतही केली नाही. त्यांनी जन्मभर शिकणे चालू ठेवले. गावोगावच्या शेतकऱ्याकडून, साधूंकडून, पुढाऱ्यांकडून, वैद्यांकडून, जेथे जे मिळाले ते घेतले. अल्पशिक्षित माणूस आणि अशिक्षित माणूस यांत मोठे अंतर असते. शाळा सुटलेला प्रत्येक माणूस शिक्षणाला मुकत नाही. शिकण्याची इच्छा सोडणारा मात्र पदवी घेऊनही मुकतो.

चिमूरच्या अरण्यात

अडकोजी महाराजांच्या समाधीनंतर हा कोवळा मुलगा घर सोडून निघाला. त्याची पावले आपल्या भागाकडे वळली. तेव्हाचा चांदा जिल्हा आज चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला. त्या काळी चिमूर ते ताडोबापर्यंतचा मुलूख साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या दाट रानाने व्यापलेला होता. या रानात रामदिघी आणि गोंदोडा या ठिकाणी महाराजांनी साधनेचा काळ घालविला. गोंदोड्याची गुंफा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते व तेथे दरवर्षी यात्रा भरते.

तपश्चर्येच्या काळाविषयी अनेक अद्भुत कथा सांगितल्या जातात. त्यांच्या खऱ्याखोट्यात शिरण्याचे येथे कारण नाही. पुढे स्वतः महाराजांनीच चमत्कारांच्या मागे लागण्यापासून लोकांना परावृत्त केले. महत्त्वाचे हे की त्या रानातून परतताना या तरुणाने वैराग्याबरोबर रानाकाठच्या माणसांची ओळखही आणली. मोह वेचणारी, बांबू फोडून टोपल्या-सुपे विणणारी, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली. त्यांच्या अंगी कसब होते, कष्ट होते आणि आपसांत सहकार्यही होते. तरीही सावकार, जमीनदार, भगत आणि दारूचा गुत्ता या चौघांच्या कचाट्यात त्यांचे आयुष्य अडकलेले होते. देव भेटला तरी ही माणसे अशीच राहणार असतील तर त्या भेटीचा उपयोग काय, हा विचार पुढील सर्व कार्याच्या मुळाशी दिसतो.

खंजिरीची शाळा

महाराजांनी हाती खंजिरी घेतली आणि गावोगाव भजने सुरू केली. त्यांनी मराठीत लिहिले तसे हिंदीतही लिहिले. खंजिरीचा ठेका असा की हजारोंचा समुदाय तासन् तास मंत्रमुग्ध होऊन बसे. भजन ऐकायला आलेला माणूस घरी परतताना अस्पृश्यता पाप आहे, दारू घर बुडविते, गावाचा उकिरडा गावानेच उचलला पाहिजे, मुलीला शाळेत घातले पाहिजे, अशा चार गोष्टी घेऊन जाई. ज्या काळी शंभरातील बहुसंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती त्या काळी पुस्तक लिहून त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. पाठ होईल, ओठांवर राहील आणि नांगर धरताना गुणगुणता येईल असेच पुस्तक त्यांना हवे होते. महाराजांचे भजन हेच ते पुस्तक.

हा मार्ग केवळ आपल्याकडेच सापडला असे नाही. युरोपातील डेन्मार्क या लहानशा देशात ग्रुंडविग नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. तेही कवी होते व त्यांची गीते घरोघर गायिली जात. शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलामुलींसाठी परीक्षा नसलेल्या लोकशाळा असाव्यात, ही कल्पना त्यांची. १८४४ सालापासून तेथे अशा शाळा निघाल्या. वर्गाचा आरंभ सामुदायिक गीताने होई आणि इतिहास, शेती, नागरिकांची कर्तव्ये यांची चर्चा चाले. त्या शाळांतून निघालेल्या शेतकऱ्यांनी सहकारी दुग्धालये उभारून देशाचे दारिद्र्य हटविण्यास मोठा हातभार लावला. गीतातून शिक्षण आणि शिक्षणातून सहकार हा क्रम ग्रुंडविग यांच्या देशात जसा दिसला तसाच तो खंजिरी घेऊन फिरणाऱ्या आपल्या महाराजांच्या मनात होता.

गुरुकुंज व सेवाग्राम

१९३५ साली महाराजांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. या आश्रमात जात, पंथ वा धर्म यांची आडकाठी कोणालाही नव्हती. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले व सुमारे महिनाभर राहिले. त्या वेळी त्या गावाला शेगाव म्हणत आणि गांधीजी तेथे नुकतेच राहावयास आले होते. गांधीजींच्या आश्रमातील सामुदायिक प्रार्थना, सफाई, सूतकताई व श्रमाची प्रतिष्ठा यांचा महाराजांच्या मनावर खोल ठसा उमटला.

त्यानंतर १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हातांच्या उद्योगाला केंद्र करून सर्व विषय शिकविण्याची गांधीजींची योजना तेथे मांडली गेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला आकार दिला. तिलाच पुढे नई तालीम हे नाव मिळाले. सरकारी शाळांत ही योजना फारशी रुजली नाही. तकल्या आल्या, काही दिवस फिरल्या आणि कपाटात गेल्या. परंतु तिचे तत्त्व महाराजांनी उचलले व आपल्या सोप्या भाषेत खेड्यापर्यंत पोहोचविले.

बेचाळीसचा वणवा

१९४२ च्या आंदोलनाचे स्मरण झाल्याविना आपल्या जिल्ह्याचा कोणताही इतिहास पुरा होत नाही. महाराजांच्या भजनांनी चिमूर परिसरात आधीच देशभक्तीची ज्योत चेतविली होती. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीच्या दिवशी चिमूरला मिरवणूक निघाली. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. त्यानंतर प्रक्षुब्ध जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. मागाहून आलेल्या लष्कराने गावावर जे अत्याचार केले, विशेषतः स्त्रियांची जी विटंबना केली, तिने सारा देश हळहळला. त्याच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. चिमूर व आष्टीच्या अनेक जणांना फाशीच्या शिक्षा झाल्या आणि दीर्घ प्रयत्नांनंतर त्यांचे प्राण वाचले.

ऑगस्ट अखेर महाराजांना चांदा येथे अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. सुटकेनंतर त्यांच्या कार्याला जे वळण लागले ते मनन करण्यासारखे आहे. १९४३ साली श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे संघटन उभे राहिले आणि श्रीगुरुदेव हे मासिक सुरू झाले. भजनाने लोक जागे होतात, पण जागे झालेल्या लोकांना दिशा, शिस्त व रोजचे काम लागते. चिमूरच्या घटनांनंतर महाराजांनी संघटनेवर आणि लोकशिक्षणावर इतका भर दिला, यात मला हाच अनुभव दिसतो. गावोगावी सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई व व्यायाम हा त्यांचा नित्यक्रम ठरला. प्रार्थनेत सर्वांनी एका पंक्तीत बसावयाचे, पाटलाला वेगळी सतरंजी नाही आणि कोणाला दूर बसविणे नाही, हा दंडक होता. ज्या गावात विहिरीवरही भेद पाळला जाई तेथे हे सोपे नव्हते.

ग्रामगीता

महाराजांच्या जीवनकार्याचे सार म्हणजे १९५५ साली प्रसिद्ध झालेली ग्रामगीता. या ग्रंथात एकेचाळीस अध्याय असून ओव्यांची संख्या चार हजार सहाशे पंचाहत्तर आहे. ज्या छंदात ज्ञानेश्वरी लिहिली गेली व जो आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरही होता, तोच ओवीचा छंद महाराजांनी निवडला. ग्रंथ अर्पण केला तो मात्र ग्रामदेवतेला, म्हणजे गाव हेच ज्याचे रूप आहे अशा देवाला.

अध्यायांच्या नावांवरून दृष्टी फिरविली तरी ग्रंथाचे वेगळेपण ध्यानी येते. संघटनशक्ती, ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण कला, ग्रामआरोग्य, गोवंश-सुधार, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार, सणोत्सव, यात्रा-मेळे, देव-देवळे. ओवीबद्ध ग्रंथात गटार, शेणखत, रस्त्यांची रुंदी, गायीची निगा व लग्नातील उधळपट्टी हे विषय यावेत हे पूर्वी घडले नव्हते. काही पंडितांना ते रुचले नसेल, पण खेडुतांना रुचले. आपले रोजचे जीवनही ग्रंथाचा विषय होऊ शकते, हे त्यांना प्रथमच कळले.

शिक्षक या नात्याने जीवनशिक्षणाच्या अध्यायाकडे माझे मन वारंवार जाते. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा सांगता येईल. मूल शिकून मोठे झाले आणि त्याला आपल्या बापाच्या शेताची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण उणे आहे. जे शिक्षण केवळ नोकरीच्या आशेवर जगते व नोकरी न मिळाल्यास हातपाय गाळून बसविते, ते माणसाला परावलंबी करते. विद्येबरोबर उद्योग हवा, उद्योगाबरोबर शील हवे आणि या सर्वांचा आरंभ घरात आईपासून व्हावयास हवा. म्हणूनच लागलीच महिलोन्नतीचा विचार येतो. आईला अज्ञानात ठेवून मुलाला ज्ञानी करू पाहणे हे महाराजांना मुळावर घाव घालून फळाची आशा धरण्यासारखे वाटे.

श्रमसंपत्तीच्या अध्यायात कष्ट करणाऱ्याच्या बाजूने ते निर्भीडपणे उभे राहतात. गावाची खरी संपत्ती कोणाच्या तिजोरीत नसून राबणाऱ्या हातांत आहे, ही त्यांची भूमिका आहे. यात्रा-मेळ्यांविषयी लिहिताना ते यात्रा बंद करा असे सांगत नाहीत. जमलेल्या हजारो लोकांना शेतीची नवी अवजारे, आरोग्याचे नियम, उद्योगांची प्रदर्शने दाखवा, असे सुचवितात. लोकांची सवय मोडण्यापेक्षा तिला उपयोगी वळण द्यावे ही त्यांची रीत होती. उत्तम शिक्षकाचीही रीत हीच असते.

ग्रंथ कसा वाचावा

ग्रंथाच्या अखेरीस ग्रंथाध्ययन व ग्रंथमहिमा असे अध्याय आहेत. ग्रंथाची पूजा करून तो लाल फडक्यात बांधून ठेवण्याची आपली जुनी सवय महाराजांना ठाऊक होती. पारायणांच्या संख्येने पुण्य मोजण्याची सवयही ठाऊक होती. ग्रंथ वाचावा, समजून घ्यावा, चार जणांत बसून त्यावर विचार करावा, जे पटले ते आचरावे आणि मग दुसऱ्यास सांगावे, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. वाचन एकट्याचे असले तरी त्याचे फळ गावाच्या पदरी पडले पाहिजे.

हे सांगणे पोकळ नव्हते. ज्या गावी वाचता येणारा एकच मनुष्य असे तेथे तो कंदिलाच्या उजेडात वाची व बाकीचे ऐकत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात जुन्या मंडळींकडून हे पुष्कळांनी ऐकले असेल. माझ्या नोकरीच्या काळात अशा काही वृद्धांशी परिचय झाला की ज्यांना सही करता येत नव्हती, पण ग्रामगीतेतील अध्यायच्या अध्याय मुखोद्गत होते. सेवा मंडळाच्या प्रार्थनेला नियमाने येणाऱ्या घरातील मुले शाळेतही नियमाने येत, एवढे मात्र मी शिक्षक म्हणून स्वतः पाहिले आहे.

उत्तरायुष्य व देहावसान

१९५५ सालीच महाराज जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस गेले. यावलीच्या शाळेतून बाहेर पडलेला तो मुलगा अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे खंजिरी घेऊन उभा राहिला. विनोबाजींच्या भूदान चळवळीला त्यांनी साहाय्य केले. १९५६ साली भारत साधु समाजाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भिक्षेवर जगणाऱ्या साधूने समाजाची सेवा करून ते अन्न फेडावे, हा त्यांचा आग्रह होता. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत या नावाने गौरविले. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवर जाऊन त्यांनी जवानांपुढे भजने म्हटली.

पुढे कर्करोगाने त्यांना ग्रासले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकोणसाठ वर्षांचे होते. प्रतिवर्षी पुण्यतिथीला तेथे लाखोंचा समुदाय जमतो व ठरलेल्या क्षणी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. प्राथमिक शाळेच्या पहिल्या पायऱ्यांवर थांबलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाच्या पदव्यांवर आले. चिमूरला तर त्यांच्या नावाचे आणि ग्रामगीतेच्या नावाचेही महाविद्यालय आहे.

झाडीपट्टीतील वारसा

नाव देणे सोपे असते, वारसा चालविणे कठीण. ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडीवर त्यांचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादा यांनी ग्रामगीतेतील ग्रामस्वराज्य प्रत्यक्षात आणण्यासाठी आपले आयुष्य वेचले.

आणखी एका गावाचा उल्लेख करतो. ते महाराजांच्या संघटनेतून घडलेले नाही, पण त्यांना पाहून समाधान वाटले असते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड बांधवांचे गाव. तेथे अभ्यासगट नावाची पद्धत आहे. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखाद्या विषयाचा अभ्यास करतात. तेथे कायदा वाचला जातो, जंगल समजून घेतले जाते, मतभेद बोलून दाखविले जातात. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. अशा अभ्यासाच्या बळावर या गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकला. त्या गावात पदवीधरांची रांग नव्हती. एकत्र बसून शिकण्याची सवय होती. पुस्तकातील कायद्याचे कलम गावाच्या हाती कसे येते, याचा हा वस्तुपाठ आपल्या दारातच आहे.

आपल्या मंडळापुढील प्रश्न

आता मूळ विषयाकडे वळतो. आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, वधू-वर मेळावे भरविते, गरजूंना साहाय्य देते. हे स्तुत्य आहे. परंतु आपल्या मुलांची आजची स्थिती आपण डोळे उघडून पाहिली पाहिजे. पदवी घेतलेली कितीतरी मुले स्पर्धा परीक्षांची तीच ती मार्गदर्शके वाचीत वयाची तिशी गाठतात. जागा निघतात थोड्या, अर्ज पडतात हजारो. दरम्यान घरच्या धानाच्या बांधीकडे पाठ फिरते, वडिलांचा धंदा हातचा जातो आणि नवा धंदा अंगी येत नाही. महाराजांनी ज्याची भीती व्यक्त केली होती ते आपल्या ओसरीवर येऊन बसले आहे.

म्हणून अभ्यासिकेविषयी तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना पुस्तकांविषयी. परीक्षांची पुस्तके अवश्य असावीत. त्यांच्याबरोबर शेती, मधमाशापालन, वीजजोडणी, यंत्रदुरुस्ती, शिवण, लेखापालन, आरोग्य व कायदे यांची मराठी पुस्तके असावीत. आठवड्यातून एक दिवस त्या कामातील जाणत्या माणसाने येऊन हाताने काम करून दाखवावे. आणि सत्काराच्या व्यासपीठावर नव्वद टक्केवाल्या मुलाशेजारी उत्तम गवंडीकाम करणारा तरुण व उत्तम परिचारिकाही बसावी.

दुसरी सूचना वाचनाविषयी. दर गुरुवारी सायंकाळी दहा-बारा जणांनी बसून ग्रामगीतेचा एक अध्याय वाचावा, त्यावर बोलावे आणि त्यातील एक गोष्ट पुढील गुरुवारपर्यंत करून पाहावी. एकेचाळीस आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो, म्हणजे वर्षही लागत नाही. ज्याला एखादा विचार पटणार नाही त्याने तसे मोकळेपणी सांगावे. ग्रंथ सत्तर वर्षांपूर्वीचा आहे व त्यातील प्रत्येक ओवी आजच्या स्थितीला लागू पडेलच असे नाही. विचार करून नाकारणे हेही अध्ययनच होय.

तिसरी सूचना दाराविषयी, आणि तिच्यावर मतभेद होतील याची मला जाणीव आहे. काही ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे असे की देणग्या आपल्या ज्ञातीच्या आहेत, जागा अपुरी आहे, म्हणून अभ्यासिका आपल्याच मुलांसाठी असावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली त्यांच्या नातवंडांना खुर्ची न मिळाली तर त्यांना दुःख होईल. त्यासाठी आपल्या गरीब विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत द्यावी, काही जागा राखून ठेवाव्यात. पण दार मात्र सर्वांना उघडे ठेवावे. ज्या महापुरुषाचे छायाचित्र आपण तेथे लावणार आहोत त्यांच्या प्रार्थनेच्या सतरंजीवर जातीची रेघ नव्हती. बांबूकाम करणाऱ्याचा मुलगा, गोंड-माडिया बांधवाची मुलगी आणि आपला मुलगा एका मेजावर बसून वाचू लागले, तर आपल्या मुलाचे काही कमी होणार नाही. झालाच तर लाभ होईल, कारण जंगलाची जी विद्या त्या घरांतून आहे ती कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नाही.

ज्ञातीची संस्था ही घराच्या ओसरीसारखी असते. ओसरीवर घरच्यांचा पहिला हक्क, हे खरे. पण वाटसरूला टेकू न देणाऱ्या ओसरीला गावात मान राहत नाही. गोंदोड्याच्या गुंफेतून निघालेले महाराज कोणत्या ज्ञातीचे आहेत हे आपल्या आजोबांनी विचारले नाही. त्यांनी भजन ऐकले आणि जे घेण्यासारखे होते ते घेतले. ते घेतलेले ऋण फेडण्याची संधी या सभेत आपणास मिळत आहे. सर्व सभासद बंधू-भगिनींनी तिचा शांतपणे विचार करावा, ही विनंती करून व राष्ट्रसंतांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.